एअर रायफलला घरच्या घरी कॅमोफ्लाज रंग कसा द्यावा

रायफल झाडीत उठून दिसते ती रंगामुळे कमी आणि सरळ, लांब, काळ्या रेघेमुळे जास्त. रंगकामात आपल्याला मोडायची असते ती हीच रेघ. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्याने कॅमोफ्लाजचं पथक उभारलं तेव्हा त्यात चित्रकार घेतले होते, ते उगाच नाही.

रंग निवडण्याआधी मुंबईजवळच्या येऊरच्या किंवा कर्नाळ्याच्या जंगलात एक चक्कर मारा. दिवाळीनंतर तिथे हिरवं कमी होत जातं. वाळलेलं गवत, सागाची तपकिरी पानं, तांबडी माती. म्हणून मातकट पिवळा, तपकिरी आणि मळकट हिरवा असे तीन मॅट स्प्रे कॅन पुरेत. काळा घेऊच नका, लांबून तो डाग होऊन दिसतो. कॅन, पॉलिश पेपर, मास्किंग टेप सगळं मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला मिळून जातं.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असेल तर माझं ऐका, रंगवू नका. तो रंग नीट उतरवता येत नाही आणि लाकूड कायमचं झाकलं जातं. प्लास्टिकच्या दस्त्याला मात्र खुशाल हात घाला.

पावसाळ्यात हे काम नको. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ निवडा, कारण दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर धूळही येते. गच्चीवर करणार असाल तर सेक्रेटरी आणि वॉचमनला आधी सांगा. लांबून बघणाऱ्याला ती खरी बंदूकच वाटते. शेजाऱ्यांचे कपडे वाळत नाहीत ना, तेही बघा.

सर्वात आधी आत छर्रा नाही याची खात्री करा. मग पूर्ण रायफल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हाताचं तेल राहिलं तर रंग तिथूनच सुटतो. चिंधी जेमतेम ओली ठेवा: स्प्रिंगच्या रायफलीत असं द्रव आत झिरपलं तर दाबाखाली पेट घेऊ शकतं. दस्त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा, चमक गेली की थांबा, पुन्हा पुसा.

आता टेप. नळीचं तोंड, चाप, सेफ्टी, नेम धरायच्या दोन्ही साइट, छर्रा भरताना नळी दुमडते तो सांधा हे सगळं झाका. घाई बहुतेकांची इथेच होते, पण निम्मं काम हेच आहे. कोरलेला नंबरही झाकून ठेवा. परवान्याच्या बंदुकीवरचा नंबर घासणं किंवा मिटवणं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.

चापाच्या कड्यातून दोरी ओवून रायफल दांडीला टांगा, तोंडाला मास्क लावा. कॅन वीतभर लांब धरून मातकट पिवळ्याचा पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी दुसरा. एकदाच जाड मारलात तर ओघळ येणार.

पिवळा सुकला की खरी मजा. कांद्याची जाळीदार पिशवी ताणून दस्त्यावर धरा आणि वरून तपकिरीचे छोटे फवारे सोडा. जाळी उचलली की बारीक खवल्यांची नक्षी उमटलेली असते. मग नेच्याचं किंवा बांबूचं पान टेकवून त्याच्या कडेने हिरवा मारा. पान दर वेळी वेगळ्या कोनात ठेवा. एखादा मोठा पट्टा दस्त्यावरून नळीवर तिरका चढू द्या. नळीच्या लांबीला समांतर पट्टे नकोत, त्यांनी रेघ आणखी ठळक होते. मधून मधून दहा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. काळपट झाली वाटली तर पिवळ्याचा हलका फवारा द्या.

शेवटी वर मॅट क्लिअरचा, म्हणजे बिनरंगी, बिनचमकीचा एक हात द्या. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी सोडवा, म्हणजे कड फाटत नाही. दुसऱ्या दिवशी रंग हाताला कोरडा लागेल, तरी आठवडाभर रायफल केसमध्ये, म्हणजे तिच्या पेटीत, कोंबू नका, आतला फोम चिकटतो. बाहेर नेताना मात्र केसमध्येच न्या. आणि नेम फक्त कागदी टार्गेटवर. पाखरांवर एअरगन चालवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे.

गाल टेकतो तिथला आणि पकडीचा रंग सगळ्यात आधी झिजेल. तेवढाच भाग पुसून, तेच कॅन वापरून पुन्हा मारता येतो, म्हणून उरलेले कॅन टाकू नका.