क्लबचे मेंबर वाढले की बुकिंग मिळेनासं होतं का? हे कसं तपासायचं आणि त्यातून आपली रूम कशी काढायची

टाइमशेअर, म्हणजे क्लबच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क, घेतलेल्या माणसाला दोन-तीन वर्षांनी हा प्रश्न पडतोच. सुरुवातीला हव्या त्या तारखा मिळायच्या, आता ॲप उघडलं की सगळं फुल्ल, आणि तिकडे क्लबवाले दर महिन्याला नवीन मेंबर करतायत, मग वाटणारच ना की हे नवीन लोक आपल्या रूम पळवतायत. मलाही तसंच वाटायचं. पण एकदा वही घेऊन नीट हिशोब मांडला तेव्हा कळलं की मेंबर किती वाढले हा अर्धाच प्रश्न आहे, त्यांच्याबरोबर रूम वाढल्या का आणि कुठे वाढल्या हे बघितल्याशिवाय काहीच कळत नाही. आणि आपण किती महिने आधी बुकिंगला बसतो, ते तर सगळ्यात मोठं.

आधी हिशोब बघू, तो एकदा डोक्यात बसला की बाकीचं आपोआप कळतं. समजा एका रिसॉर्टला १०० रूम आहेत. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातला एक दुरुस्ती-रंगकामाला बाजूला काढला, उरले ५१. म्हणजे विकायला ५,१०० आठवडे, प्रत्येकाने एकेक घेतला तर ५,१०० मेंबर, बास. उद्या क्लबने अजून १०० रूम बांधल्या आणि अजून ५,१०० मेंबर केले तर कागदावर काहीच बिघडलेलं नाही, प्रत्येकाच्या वाट्याला रूम तेवढीच आहे. पण सुट्टी सगळ्यांना एकाच वेळी लागते ना. शाळांची सुट्टी, वर्षअखेर, लाँग वीकेंड धरून समजा ६ आठवडे सगळ्यांनाच हवेत. १०० रूममध्ये ६ आठवड्यांच्या जागा झाल्या ६०० आणि मागणारे ५,१००. म्हणजे क्लब छोटा होता, एकही नवीन मेंबर नव्हता, तेव्हासुद्धा एका जागेमागे साडेआठ जण उभे होते!

आता नवीन १०० रूम कुठे बांधल्या ते बघा. जुनं रिसॉर्ट समुद्राला लागून आणि नवीन कुठेतरी हायवेच्या कडेला असेल तर नवीन मेंबर तिथे कशाला जातील, समजा त्यांच्यातले निम्मे जुन्या रिसॉर्टवरच आले, तर त्याच ६०० जागांना आता ७,६५० मागणारे, म्हणजे एका जागेमागे पावणेतेरा. कागदावर क्लब एकदम व्यवस्थित आहे आणि तुम्हाला मात्र रूम मिळत नाहीये, दोन्ही खरं आहे. नवीन रिसॉर्ट जुन्याइतकंच छान असेल तर उलटं पण होतं, जुने मेंबर हौसेने तिकडे जातात आणि जुन्याकडे जागा मोकळी होते. म्हणून कोणी नुसतं सांगितलं की यंदा एवढे हजार मेंबर वाढले, तर त्यावरून काहीच ठरवू नका.

पॉइंटवर चालणाऱ्या क्लबमध्ये, म्हणजे जिथे आठवड्याऐवजी दरवर्षी पॉइंट मिळतात आणि ते खर्चून रात्री बुक करायच्या असतात, तिथे अजून एक गाठ असते. पूर्वी ठरलेला आठवडा विकत मिळायचा, अमुक नंबरचा आठवडा तुमचा म्हणजे तुमचा, मग क्लबमध्ये दहा लाख माणसं येवोत तुम्हाला फरक नाही. फ्लोटिंग आठवडा, म्हणजे कुठला ते दरवर्षी आपण निवडायचा, आणि पॉइंट आले तेव्हा सोय वाढली पण शर्यतही आली. पॉइंटमध्ये छोटी मेंबरशिप घेणारे जास्त असतील तर सगळ्यांची उडी सगळ्यात कमी पॉइंटच्या स्टुडिओ रूमवर पडते, मोठी दोन-तीन बेडरूमची घरं त्यामानाने उशिरापर्यंत मोकळी असतात. त्यात पॉइंट पुढच्या वर्षात ढकलायची आणि पुढच्या वर्षाचे उसने घ्यायची सोय असते, त्यामुळे एखाद्या वर्षी खूप जणांनी प्रवास केला नाही तर ते सगळे पॉइंट पुढे साचतात. २०२० मध्ये रिसॉर्ट बंद होते, तेव्हाचे राहिलेले पॉइंट नंतर वापरायला सगळे एकदम बाहेर पडले, त्या काळात मेंबर एकाने वाढला नसता तरी गर्दी झालीच असती.

आता तुमच्या क्लबमध्ये नक्की काय झालंय ते कसं शोधायचं. पहिलं म्हणजे कागद काढा, करारपत्र आणि नियमांचं पुस्तक. त्यात दोन गोष्टी शोधायच्या. एक, क्लब जेवढ्या रात्री उपलब्ध आहेत त्यापेक्षा जास्त विकू शकतो का. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या टाइमशेअर कायद्यात, म्हणजे चॅप्टर ७२१ मध्ये, यासाठी एकास एक असा नियमच आहे, वर्षभरात मेंबरांना हक्काच्या जेवढ्या रात्री दिल्या त्या उपलब्ध रात्रींपेक्षा जास्त असता कामा नयेत. सगळीकडे असा कायदा नसतो, त्यामुळे तुमच्या करारात हे वाक्य कुठल्या शब्दांत आहे ते स्वतः वाचा, सेल्सवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. दोन, क्लबच्या नावावरच्या रूम स्वतःच्या मालकीच्या आहेत की भाड्याने घेतलेल्या. भाड्याच्या असतील तर हॉटेलवाल्याबरोबरचा करार संपला की त्या रूम जातात आणि मेंबर मात्र तिथेच राहतात, बुकिंग खरोखर कायमचं अवघड व्हायचं एक कारण हे आहे आणि ते फार कमी लोक बघतात.

कंपनी शेअर बाजारात असेल तर तिचा वार्षिक अहवाल उघडा, त्यात मेंबरांचा आकडा आणि रूमचा आकडा बहुतेक वेळा असतो. पाच वर्षांचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि भागाकार करा. एका रूममागे मेंबर दरवर्षी वाढत गेलेत का? मग तुमची शंका बरोबर आहे. आकडा जवळपास स्थिर असेल तर अडचण दुसरीकडे आहे.

दुसरी तपासणी मला जास्त आवडते कारण ती स्वतःच्या डोळ्यांनी होते. तुम्हाला ज्या दोन-तीन ठिकाणी खरंच जायचं असतं ती निवडा, आणि महिनाभर दर रविवारी रात्री दहा मिनिटं बसून ॲपवर तीन शोध घ्या, एक बुकिंग विंडो (जितके महिने आधी बुकिंग सुरू होतं ती मुदत) नुकतीच उघडलेली तारीख, एक सात महिन्यांनंतरची, एक तीन महिन्यांनंतरची. काय मोकळं दिसलं ते लिहून ठेवा, रूमच्या प्रकारासकट. मी हे केलं तेव्हा वहीत अगदी स्पष्ट दिसलं, विंडो उघडल्या दिवशी जवळपास सगळं मोकळं, सात महिन्यांवर स्टुडिओ गायब पण मोठ्या रूम शिल्लक, तीन महिन्यांवर मधल्या वारांच्या सुट्या सुट्या रात्री. म्हणजे माझी तक्रार मेंबरांवर होती आणि मी दरवेळी तीन महिने आधी शोधत होते, तहान लागल्यावर विहीर खणायचा प्रकार. मेंबरशिप अजून घेतली नसेल तर हेच काम आधी करा, ओळखीतल्या जुन्या मेंबरला त्याचं लॉगिन उघडून तुमच्या समोर शोधायला सांगा, प्रेझेंटेशनमध्ये दाखवतात ते फोटो बघून पैसे देऊ नका.

विंडोचं उदाहरण म्हणून डिस्ने व्हेकेशन क्लब बघा, १९९१ पासून चालू आहे आणि त्याचे नियम उघड आहेत. ज्या रिसॉर्टचे पॉइंट तुम्ही घेतले ते तुमचं होम रिसॉर्ट, तिथे ११ महिने आधी बुकिंग करता येतं, बाकीच्या ठिकाणी ७ महिने आधी. एका रिसॉर्टचे एकूण पॉइंट ठरलेले असतात, कुठल्या रात्रीला किती पॉइंट हे इकडचं तिकडे करता येतं पण बेरीज वाढवता येत नाही. त्यामुळे नवीन रिसॉर्ट आलं आणि हजारो मेंबर वाढले तरी ११ ते ७ महिन्यांच्या मधल्या काळात तुमच्या होम रिसॉर्टवर नवीन माणसाची सावलीसुद्धा पडत नाही, गर्दी जाणवते ती सात महिन्यांची विंडो उघडल्यावर. हे तत्त्व असे नियम असलेल्या कुठल्याही क्लबला लावा. तुम्ही नेहमी दुसऱ्यांच्याच रिसॉर्टवर जाणारे असाल तर क्लब वाढल्याचा फटका तुम्हाला बसणार, आपल्याच ठिकाणी लवकर बुक करणारे असाल तर फारसा नाही. म्हणून घेताना जिथे दरवर्षी जायला आवडेल तेच होम रिसॉर्ट घ्या, स्वस्त मिळतंय म्हणून भलतीकडचं घेऊन नंतर आवडीच्या ठिकाणी जाऊ हा विचार अगदी चुकीचा ठरतो.

तर आता प्रत्यक्ष बुकिंग. ज्या दिवशी विंडो उघडते ती तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, आणि तारीख मोजताना तुमचा क्लब चेक-इनच्या दिवसापासून मोजतो की चेक-आउटच्या ते बघा, यात एक आठवड्याचा घोळ होतो. उघडायच्या वेळेआधी लॉगिन करून बसा, पॉइंट पुरेसे आहेत का, मेंटेनन्स फी (देखभालीची वार्षिक वर्गणी) भरलेली आहे का हे आदल्या रात्रीच बघा कारण फी थकलेली असेल तर बऱ्याच क्लबमध्ये बुकिंगच होत नाही आणि हे ऐनवेळी कळतं. दुसरा-तिसरा पर्याय कागदावर लिहून ठेवा, स्क्रीनसमोर बसून घरच्यांशी चर्चा करायला वेळ नसतो.

काही लोक तारीख सरकवत नेतात हेही माहीत असू द्या. त्यांना हवा असतो पंधरा तारखेपासूनचा आठवडा पण ते आठ तारखेची विंडो उघडली की लगेच तिथपासून बुकिंग करतात आणि मग रोज एकेक दिवस पुढे ढकलत पंधरावर आणतात, त्यामुळे पंधराची विंडो उघडते तेव्हा ती रूम आधीच त्यांच्या हातात असते. एखाद्या खास रूमच्या बाबतीत विंडो उघडताक्षणी फुल्ल दिसलं तर बहुतेक हेच झालेलं असतं. पण ते जसजसे पुढे सरकतात तसतशा मागच्या तारखा सुटतात, म्हणून तुमच्या तारखा चार-पाच दिवस अलीकडे घेता येत असतील तर रोज सकाळी एकदा बघत राहा.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सोडून देतात. तुम्ही पाच रात्री शोधता आणि ॲप सांगतं उपलब्ध नाही, तुम्ही बंद करता. कॅलेंडर उघडून एकेक रात्र बघा. आमच्या एका ट्रिपला असंच झालं होतं, सोमवार मोकळा, मंगळवार मोकळा, बुधवारचा एकच चौकोन राखाडी, गुरुवार शुक्रवार परत मोकळे. एका रात्रीसाठी सगळी ट्रिप सोडून देत होतो. मग पहिल्या दोन रात्री एक बुकिंग, शेवटच्या दोन रात्री दुसरं, आणि बुधवारसाठी त्याच रिसॉर्टमधली मोठी रूम जास्त पॉइंट देऊन तात्पुरती घेतली आणि छोट्या रूमची वेटलिस्ट लावली. तीन आठवड्यांनी वेटलिस्ट क्लिअर झाली, मोठी रूम सोडून दिली आणि पॉइंट परत आले. हे करायच्या आधी कॅन्सलेशनची मुदत बघून घ्या, मुदत टळली की पॉइंट बुडतात किंवा फार कमी दिवसांत वापरावे लागतात.

वेटलिस्ट लावून निवांत बसू नका. लोकांची तिकिटं जुळत नाहीत, रजा मिळत नाही, मग ते कॅन्सलेशनच्या शेवटच्या दिवशी रूम सोडतात, म्हणून ती मुदत संपायच्या आधीच्या आठवड्यात रोज स्वतः शोधायचं. वेटलिस्टमध्ये पाच रात्री एकत्र मागितल्या तर पाचही सुटल्याशिवाय नंबर लागत नाही, तुकडे करून मागता येत असतील तर तसं मागा.

एक्स्चेंजचा रस्ता वेगळा. आरसीआय ही कंपनी १९७४ पासून आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ पासून हेच काम करतायत, तुमचा आठवडा त्यांच्याकडे जमा करायचा आणि दुसऱ्या कुणाचा घ्यायचा. इथे तुमच्या क्लबचे मेंबर किती याला फार अर्थ नाही, तुम्ही काय जमा केलं आणि किती लवकर जमा केलं याला आहे. मागणीच्या सीझनचा आठवडा भरपूर आधी दिला तर त्या बदल्यात चांगलं मिळतं, कोणाला नको असलेला आठवडा शेवटच्या क्षणी टाकून वर्षअखेरीचं समुद्रकिनारी घर मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

आणि बुकिंग मिळत नाही म्हणून तक्रार केली की क्लबकडून एक उत्तर हमखास येतं, अजून पॉइंट घ्या, वरच्या लेव्हलला जा, तुम्हाला प्राधान्य मिळेल. याचा मला मनापासून राग येतो. वरच्या लेव्हलवाल्यांना आधी विंडो उघडत असेल तर त्या लेव्हलचे मेंबर वाढतात तशी खालच्यांना उरणारी जागा कमी होते, आणि वर गेलेल्यांची आपसातली गर्दी वाढतेच. आधी विचारा की त्या लेव्हलला किती दिवस आधी विंडो उघडते, एकूण रूमपैकी किती रूम त्यांच्यासाठी ठेवतात, आणि हे लेखी द्या म्हणावं. लेखी देत नसतील तर सही करू नका. युरोपियन युनियनमध्ये २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअर करारातून १४ दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्या दिवसांत आगाऊ पैसे घ्यायला बंदी आहे, तुम्ही जिथे करार करताय तिथे अशी मुदत किती आहे ते सही करायच्या आधी विचारा, आणि सही झालीच असेल तर आजच कॅलेंडरमध्ये ती तारीख टाका.

सगळं करून बघितलं, विंडोच्या पहिल्या दिवशी बसलात, तारखा हलवून बघितल्या, तरी सलग दोन वर्षं रूम मिळाली नाही, तर तो क्लबचा दोष आहे आणि तो लिहून मांडा. वहीतल्या नोंदी, ॲपचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट, आणि एक साधा प्रश्न, या रिसॉर्टच्या किती रूम त्या आठवड्यात मेंबरांसाठी खुल्या होत्या आणि किती बाहेरच्या गिऱ्हाइकांना भाड्याने दिल्या. त्याच तारखांना तीच रूम हॉटेल बुकिंगच्या साइटवर पैसे देऊन मिळत असेल तर तो स्क्रीनशॉट सगळ्यात आधी जोडा. मेंबरांची वार्षिक सभा होत असेल तर तिथे हा प्रश्न आधी लेखी पाठवून ठेवायचा, म्हणजे त्याला उत्तर द्यावं लागतं.