महाडीबीटीचा अर्ज मंजूर झाला, पण पैसे कुठे गेले?

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात येते, आणि गोची इथेच होते. केवायसीसाठी बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, जोडलं गेलं, असं नाही. त्यासाठी आधार सीडिंगचा, म्हणजे खातं आधारला जोडण्याचा, संमतीफॉर्म वेगळा भरावा लागतो. मग बँक ती नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे कोणत्या आधारला कोणती बँक जोडली आहे याची यादी ठेवणाऱ्या संस्थेकडे, पाठवते.

एका आधारवर डीबीटीसाठी एकच खातं चालतं, शेवटी जोडलेलं. मधेच दुसऱ्या बँकेत खातं उघडताना डीबीटीच्या चौकटीत न वाचता टिक केली, की रक्कम तिकडे वळते. विद्यार्थी मात्र जुनंच पासबुक भरून आणत बसतो.

अर्जाआधीच माय आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. नाव आपल्याच बँकेचं हवं आणि पुढे ‘ॲक्टिव्ह’ दिसायला हवं. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर असेल तर ओटीपीच येणार नाही; आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला.

आणि हो, पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती आपोआप सुरू राहत नाही. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी स्वतःच भरायचा.