समुद्राकाठी झाडं लावताय? घाटावरच्या या चुका टाळा

खारवट जमिनीचं आम्हा सांगलीकरांना काय कौतुक! वाळवा-मिरजेकडं कृष्णेच्या पाण्यावर ऊस घेता घेता कित्येक रानं क्षारपड झाली. चर काढा, जिप्सम टाका, ताग-धैंचा गाडा, सगळं पाठ. त्यामुळं भावानं रत्नागिरीजवळ समुद्राला लागून पाच गुंठे घेतले, तेव्हा आंबा घाट उतरताना गाडीत जिप्समची दोन पोती होतीच. शेजारचे आजोबा गडग्यापलीकडून बघत होते. म्हणाले, "अहो, मीठ वाऱ्यावरनं येतंय. तुम्ही मुळाशी काय ओतताय?"

आमचं घोडं तिथंच पेंड खात होतं. आपल्याकडं मीठ खालून, मुळातून त्रास देतं. किनाऱ्यावरच्या वाळूतलं मीठ कोकणातला पाऊसच धुऊन नेतो. जिप्समचं काम चिकण मातीतला सोडियम हलवायचं, वाळूत त्याला काम काय? तिथं झाडाला मारतात ते लाटांचे तुषार. वारा ते उचलून पानावर आणून बसवतो, पाणी उडून जातं, मीठ राहतं. म्हणून झाड निवडताना आधी पान बघा, मग माती.

करपलं की पाणी वाढवणं

आमच्या गुलमोहराची पानं करपली, आम्ही पाणी दुप्पट केलं. चूक. आधी झाडाभोवती एक फेरी मारा. समुद्राकडच्याच बाजूची पानं कडेनं आणि टोकाला तपकिरी झाली असतील आणि पाठची बाजू हिरवीगार असेल, तर ते खारं वारं. पानावरून ओलं बोट फिरवा आणि जिभेला लावा (औषध मारलेलं नसेल तरच). खारट लागलं की निदान झालं. वारं ओसरलं की साध्या पाण्यानं पानं धुवा. खालची पानं चारी बाजूंनी पिवळी पडत असतील तर मात्र मुळाशी पाणी साचलंय का ते बघा. आणि नारळाची झावळी कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी दिसली तर वाऱ्याला दोष देऊ नका, तो गेंड्या भुंगा.

खड्ड्यात काळी माती

वाळूत पाणी टिकत नाही म्हणून आम्ही गावाकडून टेम्पोभर काळी माती नेली. जुलैत त्या खड्ड्यांचे रांजण झाले. बाजूच्या वाळूतून पाणी निथळून जातं, आमच्या खड्ड्यात मात्र चिखल. चिकूची दोन रोपं कुजली, आणि ती चिकूची चूक नव्हती, चिकू खारं वारं बऱ्यापैकी सोसतो. तिथलीच वाळू, कुजलेलं शेणखत आणि वरून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन, एवढं पुरतं.

सगळी झाडं एकाच रांगेत

झाड कोणतं, यापेक्षा कितव्या रांगेत हे महत्त्वाचं. समुद्राला तोंड देणारी पहिली रांग उंडी, भेंड आणि केवड्याची. पानं जाड, नाहीतर चिवट. उंडीचं पान हातात घेऊन बघा, मेण लावल्यासारखं गुळगुळीत. त्यामागं करंज, काजू. नारळ पुढंही चालतो, पण दोन माडांत पंचवीस फूट सोडा आणि घराच्या छपरापासून लांब. आंबा, सुपारी मागं, आडोशाला. हापूसची हौस सगळ्यांनाच, पण पहिल्या रांगेतल्या आंब्याचा कोवळा पाला आणि मोहोर वारा जाळतो.

सुरू भराभर वाढते, म्हणून सगळे तीच लावतात. कडेला ठीक. तिच्या काड्यांच्या थराखाली दुसरं काही सहसा उगवत नाही, त्यामुळं बागेच्या मधोमध नको. आपल्याकडचा सिल्व्हर ओक आणि गुलमोहर तर नकोतच, दोन्ही ठिसूळ. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडं मुरलेल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, मग या पाहुण्यांचं काय!

उंच रोप, उंच भिंत

आठ फुटी रोप लावून लगेच सावली मिळेल असं वाटतं. वाऱ्यात ते हलत राहतं आणि नवी मुळं तुटत राहतात. दीड-दोन फुटी रोप लावा, बांधायचंच तर बुंध्याशी खाली आणि सैल. पहिली दोन वर्षं समुद्राच्या बाजूला शेडनेट किंवा झावळ्यांचा ताटवा उभा करा. पक्की भिंत नको. वारा तिच्यावरून उसळी मारून पलीकडच्या रोपांवर आदळतो, फटींच्या आडोशातून मात्र दमून येतो.

शेवटची चूक विहिरीची. एप्रिल-मेमध्ये मोटार तासन्‌तास चालवली की गोडं पाणी संपतं आणि खालून मचूळ पाणी वर येतं. मग जे मीठ वरून येत होतं ते आपण स्वतःच मुळाशी घालतो, अगदी वाळव्यासारखं. थोडं थोडं उपसा, मधूनमधून चव बघा. आजोबा रोज सकाळी कळशीतलं पाणी चाखूनच माडांना घालतात. आता भाऊही तेच करतो, आणि जिप्समची उरलेली पोती परत गावी आली.