एका पीसीवर दोन-तीन डेस्कटॉप, लॉगआउट न करता

आमच्या भांडुपच्या खोलीत पीसी एकच, लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला सेकंडहँड, ८ जीबी रॅम, आणि त्यावर ताईचे हिशोब पण आणि माझी कोडिंगची खिटपिट पण. मागे एकदा मी घाईत तिला लॉगआउट केलं, शीट सेव्ह नव्हती, दोन दिवस घरात कोणी माझ्याशी धड बोललं नाही. तेव्हा शिकलो की लिनक्सवर (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, आमच्या पीसीवर तीच आहे) लॉगआउट करायची गरजच नसते.

सगळ्यात आधी दोघांची अकाउंट वेगळी करा. एकाच युजरने दोन फुल डेस्कटॉप चालवले की फायरफॉक्स म्हणतो मी आधीच चालू आहे, पॅनलच्या सेटिंग एकमेकांवर चढतात, नुसता वैताग.

आता कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा, काळी स्क्रीन येईल, घाबरू नका, ताईचं सगळं मागे जिथल्या तिथे आहे. तिथे आपल्या नावाने लॉगिन करा. होम फोल्डरमध्ये .एक्सइनिटआरसी (.xinitrc) नावाची फाइल बनवून त्यात एकच ओळ टाका, एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४ (startxfce4, माझ्याकडे एक्सएफसीई नावाचा डेस्कटॉप आहे म्हणून, तुमचं जे असेल ते), आणि मग चालवा:

एक्झेक स्टार्टएक्स -- :१

अर्थात टाइप इंग्रजीतच करायचं. ते :१ म्हणजे डिस्प्ले नंबर, पहिला डेस्कटॉप साधारण :० वर असतो. नंबर आधीच घेतलेला असेल तर एरर येते, मग /टीएमपी/.एक्स११-युनिक्स मध्ये एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करून बघा, एक्स०, एक्स१ अशी नावं दिसतील, जो नंबर तिथे नाही तो घ्या. आणि पुढचं एक्झेक विसरू नका हां, नाहीतर कोणी एफ३ वर येऊन एक्स (डेस्कटॉप स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्राम) बंद पाडलं तर तुमचं शेल (कमांड टाइप करायची काळी स्क्रीन) उघडंच मिळतं त्याला.

परत जायला मिंट आणि उबुंटू ह्या लिनक्सच्या दोन प्रकारांपैकी मिंटवर बहुतेक कंट्रोल-आल्ट-एफ७, उबुंटूवर एफ२. पण ह्या बटनांनी उडी मारली की मागची स्क्रीन लॉक होत नाही, म्हणजे पाहुण्यांची पोरं घरात असतील तर आधी लॉक करा मग उडी मारा. आणि तुम्ही उडी मारली की ताईचं चालू गाणं गप्प होतं, कारण साउंड कार्डचा ताबा समोर जो बसलाय त्याच्याकडे जातो, बिघाड नाहीये तो, मी उगाच तासभर स्पीकरची वायर हलवत बसलो होतो.

कमांड नको असतील तर मेनूत स्विच युजर असतंच, घरच्यांसाठी तेच बरं.

फक्त दुसरा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम, उदाहरणार्थ ओपनबॉक्स) ट्राय करायचा असेल तर एवढं काहीच नको, झेफर (Xephyr) टाका, उबुंटू-मिंटमध्ये पॅकेजचं नाव एक्ससर्व्हर-झेफर. मग

झेफर :२ -स्क्रीन १२८०x७२० &
डिस्प्ले=:२ ओपनबॉक्स

(डिस्प्ले कॅपिटलमध्ये, DISPLAY) म्हणजे चालू डेस्कटॉपच्याच एका खिडकीत दुसरा डेस्कटॉप, वाट लागली तर खिडकी बंद केली की संपलं. मी नवीन काहीही आधी इथेच मोडून बघतो.

रॅमवर लक्ष ठेवा फक्त. दोन्हीकडे ब्राउझर उघडे असले की ८ जीबीचं पार भरीत होतं, मग ताईची हाक येते.