आजीच्या सांदुकीतली नाणी: घासायची नाहीत, वाचायची

आमच्याकडं जुन्या घरातली सांदूक उघडली की तळाशी एखादी गाठ मारलेली चिंधी निघतेच. आत चारदोन चांदीचे रुपये, एखादा भोकाचा पैसा, चौकोनी दोन आणे. संग्रह सुरू करायचा तर इथूनच, विकत घेऊन नाही.

पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काही लावू नका. मी लावलं होतं. आठवीत असताना राणीछाप रुपया चुलीच्या राखेनं असा घासला की राणीच्या केसांच्या बटा सपाट झाल्या. आजी खूश. पुढं नागपुरात एका जाणकाराला दाखवला, तर त्यानं काही न बोलता तो परत माझ्या हातावर ठेवला. चांदीवरचा काळसर थर म्हणजे मळ नव्हे. माती असेल तर साध्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि मऊ सुती कापडानं टिपा, पुसू नका. नाणं कायम कडेनं धरा.

मग वाचन. राणी व्हिक्टोरियाच्या नावापुढं ‘क्वीन’ असेल तर रुपया १८७६ पर्यंतचा, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ पासूनचा. बोडक्या डोक्याचा राजा म्हणजे सातवा एडवर्ड. मुकुटवाले दोघे जॉर्ज, पाचवा आणि सहावा. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर सालाखाली पाहा: पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

खरंखोटं तपासायला सोनाराचा काटा पुरतो. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे नेमका एक तोळा. पूर्वी तोळ्याचं वजन म्हणून तराजूत रुपयाच टाकत, ते उगीच नाही. झिजून थोडा उतरलेला चालेल. दहा ग्रॅमच भरला तर संशय घ्या. चांदीचं नाणं चुंबकाला चिकटत नाही. पण १९४७ चा वाघछाप रुपया चिकटला म्हणून फेकू नका, तो निकेलचाच आहे. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली. युद्धकाळात तांबं वाचवायचं म्हणून १९४३ पासून पैशालाही मधोमध भोक पडलं.

माळेत ओवायला कडी डाखलेला रुपया संग्राहक कमी भावानं घेतात. माझ्या मते तोच ठेवावा. तो कुणाच्या तरी गळ्यात होता.

ठेवायला मऊ प्लास्टिकची पाकिटं नकोत, त्यांनी नाण्यांवर हिरवट चिकटा येतो. कोरड्या कागदाच्या पुड्या बऱ्या, एका पुडीत एकच नाणं.

पहिल्या पावसानंतर गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, गढीच्या उतारावर नाणी उघडी पडतात. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा असाच जमिनीतून निघाला. वावरात गाडगं लागलं तर वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. जुनी नाणी नुसती पाहायची असतील तर नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, आहेच.

वैष्णोदेवीचं नाणं लाखोंना जातं असं सांगत कुणी आधी ‘फी’ मागितली तर फोन ठेवून द्या. अशा ठगांबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सावध केलं आहे.

शेवटी एक वही घ्या. साल, वजन लिहा, आणि घरातलं जुनं माणूस सांगेल ते त्याच्याच शब्दांत. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले आणि एका आण्याचे सव्वासहा. त्या पाव पैशावरून बाजारात काय वाद झाले ते विचारा. माझ्या वहीत चौकोनी दोन आण्यांपुढं आजीचं एवढंच आहे: ‘कारंज्याच्या बाजारातून उरले. गाठीतच राह्यले.’