नवस्वतंत्र राष्ट्राची पहिली वर्षे कशी अभ्यासावीत

वसाहतवादी सत्ता निघून गेल्यावर नव्या राष्ट्रांपुढे कोणती आव्हाने उभी राहिली, हा प्रश्न केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात निर्वसाहतीकरणाच्या घटकाखाली येतो. त्याचे नेहमीचे उत्तर विद्यार्थ्यांना पाठ असते : गरिबी, निरक्षरता, वांशिक तेढ, राजकीय अस्थैर्य. ही यादी घानाला लावा, ब्रह्मदेशाला लावा, अल्जीरियाला लावा, सगळीकडे बसते. म्हणूनच तिच्यातून एकाही देशाविषयी काही कळत नाही. त्याऐवजी एकच देश निवडावा आणि सत्तांतराच्या दिवशी त्याच्या हाती काय आले व काय आले नाही, याची नोंद प्रथम करावी. पुढच्या संकटांचा बराचसा उलगडा त्या नोंदीतून होतो. येथे उदाहरणासाठी बेल्जियमच्या अमलाखालील काँगो घेतला आहे.

सुरुवात तारखांपासून करावी, आणि त्यांच्यामधील अंतर मोजावे. राजधानी लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) येथे जानेवारी १९५९ मध्ये दंगली झाल्या. जानेवारी-फेब्रुवारी १९६० मध्ये ब्रुसेल्सला गोलमेज परिषद भरली आणि त्याच वर्षीच्या ३० जूनला काँगो स्वतंत्र झाला. म्हणजे तारीख ठरल्यानंतर राज्यव्यवस्था उभी करण्यासाठी जेमतेम पाच महिने मिळाले. पहिली सार्वत्रिक निवडणूक मे महिन्यात झाली. तयारीला किती अवधी मिळाला, हा प्रश्न प्रत्येक देशाच्या बाबतीत विचारण्यासारखा आहे.

त्यानंतर माणसे मोजावीत. कोणत्या पदापर्यंत स्थानिक लोकांना चढू दिले होते, हे पाहणे साक्षरतेच्या टक्केवारीपेक्षा अधिक उपयोगाचे असते. काँगोत प्राथमिक शिक्षणाचा प्रसार आफ्रिकेतील अनेक वसाहतींपेक्षा बरा होता, परंतु विद्यापीठाचे पदवीधर स्वातंत्र्याच्या वेळी तिसाहून कमी होते. सुमारे पंचवीस हजारांच्या ‘फोर्स प्युब्लिक’ या सैन्यात एकही काँगोली माणूस अधिकारीपदावर नव्हता. स्वातंत्र्यानंतर पाच दिवसांनी, या सैन्याचे बेल्जियन प्रमुख जनरल यान्सेन्स यांनी फळ्यावर ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’ असे लिहून, सैन्यात काहीही बदलणार नाही हे सैनिकांना बजावले, आणि तेव्हाच बंड पेटले. पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांच्या स्वभावावर या अराजकाचे खापर फोडण्याची पद्धत आहे. पण ज्या सरकारला आज्ञा पोहोचवण्यासाठी स्वतःचा एकही अधिकारी उपलब्ध नाही, त्याच्या पंतप्रधानाचा स्वभाव कितीही शांत असता तरी त्याने काय साधले असते, हे विचारायला हवे. तुलनेसाठी भारत घ्यावा. येथे १९४७ मध्ये भारतीय सनदी अधिकारी आणि भारतीय लष्करी अधिकारी दोन्ही होते, तरीही सेनाप्रमुखपदी पहिला भारतीय यायला १५ जानेवारी १९४९ उजाडला.

तिसरी तपासणी पैशाची, आणि अभ्यासक येथेच सर्वांत घाईने पुढे जातात. देशाचा महसूल कोणत्या एका-दोन मालांवर अवलंबून आहे, तो माल कोणत्या प्रांतातून निघतो, त्यावर मालकी कोणाची आहे आणि तो कोणत्या वाटेने बाहेर जातो, ही चार उत्तरे नकाशावर लिहून काढावीत. काँगोचे तांबे व कोबाल्ट दक्षिणेकडील कटांगा प्रांतातून निघत असे आणि ‘युनियाँ मिनिएर’ ही कंपनी ते काढत असे. खनिजाचा एक मोठा भाग पोर्तुगीजांच्या अंगोलातून जाणाऱ्या बेंग्वेला रेल्वेने लोबितो बंदराला पोहोचत होता, म्हणजे राजधानीला न शिवता तो देशाबाहेर पडू शकत होता. हा नकाशा समोर ठेवला की ११ जुलै १९६० रोजी तेथील नेते मोईझ चोंबे यांनी कटांगा स्वतंत्र झाल्याची घोषणा का केली, हे केवळ आदिवासी जमातींच्या आपसांतील वैराच्या आधारे समजावत बसावे लागत नाही. स्थानिक राजकारणातील तेढ खरी होती; परंतु कंपनीने कर चोंबे यांच्या सरकारकडे भरला आणि बेल्जियन अधिकाऱ्यांनी त्यांचे सैन्य उभारले, म्हणून ती तेढ जानेवारी १९६३ पर्यंत टिकणारे फुटीर राज्य बनू शकली.

कर्जाचा आणि कराराचा कागद वेगळा वाचावा, कारण ही बाब देशागणिक फार बदलते. इंडोनेशियाचे उदाहरण बोलके आहे : हेगच्या गोलमेज परिषदेनंतर डिसेंबर १९४९ मध्ये नेदरलँड्सने सार्वभौमत्व सोपवले, पण सोबत सुमारे ४३० कोटी गिल्डरचे कर्जही सोपवले, आणि पश्चिम न्यूगिनी कोणाकडे राहणार हा प्रश्न लोंबकळत ठेवला. वाटणीत घर मिळावे आणि त्यावरचे गहाणखतही आपल्याच नावावर चढावे, तसा हा व्यवहार होता. फ्रेंच वसाहत असलेल्या गिनीने सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात ‘फ्रेंच समुदाय’ या फ्रान्सप्रणीत संघात राहण्यास नकार दिला, तेव्हा फ्रान्सने आपले कर्मचारी आणि साहित्य झपाट्याने काढून घेतले.

सीमांच्या बाबतीत थोडक्यात आटोपले तरी चालेल. आफ्रिकी ऐक्य संघटनेने जुलै १९६४ मध्ये कैरो येथे स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा मान्य करण्याचा ठराव केला. सोमालिया आणि मोरोक्को यांना तो मान्य नव्हता. ‘कृत्रिम सीमा’ हे शब्द लिहून थांबू नये, त्या सीमेमुळे कोणता समाज, कोणते बंदर किंवा कोणते कुरण दुभंगले तेवढे सांगावे.

परकीय हस्तक्षेप शेवटी तपासावा. तो आधी घेतला तर सगळा दोष शीतयुद्धाच्या माथी मारण्याचा मोह होतो. काँगोत बेल्जियन सैन्य १० जुलैला पुन्हा उतरले, सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली आणि सुरक्षा परिषदेने १४ जुलैला सैन्य पाठवण्याचा ठराव केला. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष कासावुबू यांनी लुमुंबा यांना बडतर्फ केले, लष्करातील वरिष्ठ अधिकारी मोबुतू यांनी सत्ता हाती घेतली आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात लुमुंबा यांची हत्या झाली. भारताचा संबंधही येथे खरा आहे : सप्टेंबर १९६० पासून काही महिने राजेश्वर दयाळ हे काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे विशेष प्रतिनिधी होते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यातील भारतीय अधिकारी कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना ५ डिसेंबर १९६१ रोजी कटांगातील एलिझाबेथव्हिल येथे वीरमरण आले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

संदर्भसाहित्य वापरताना ते कधी लिहिले गेले हे अवश्य पाहावे. लुमुंबा यांना मारण्याच्या अमेरिकी गुप्तचरांच्या कटाची माहिती सिनेटच्या समितीने १९७५ मध्ये उघड केली, तर बेल्जियमच्या संसदीय चौकशीने देशाची नैतिक जबाबदारी २००१ मध्ये मान्य केली. त्याआधीच्या पुस्तकांत या बाजू कच्च्या असणे स्वाभाविक आहे.

उत्तर लिहिताना हाच क्रम राखावा : अवधी, माणसे, महसूल, करार, सीमा, हस्तक्षेप. मात्र सर्वांना सारखी जागा देऊ नये. काँगोवर लिहिताना अर्धी जागा माणसे आणि महसूल यांना द्यावी, इंडोनेशियावर लिहिताना करारांना. सरावासाठी पुढचा देश म्हणून मोझांबिक घ्यावा. तो पोर्तुगालपासून २५ जून १९७५ रोजी, म्हणजे गोव्यानंतर सुमारे साडेतेरा वर्षांनी स्वतंत्र झाला, पोर्तुगीज रहिवासी मोठ्या संख्येने देश सोडून गेले, आणि गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे तेथील राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या निकटच्या सल्लागारांपैकी होते. तेथे कोण गेले, जाताना काय नेले, बंदरांतून कोणाचा माल जात होता आणि शेजारच्या ऱ्होडेशियाशी (आजचा झिंबाब्वे) व दक्षिण आफ्रिकेशी संबंध कसे होते, या चार प्रश्नांनी सुरुवात करता येईल.