पेंटाच्या सुईआधी घरात काय काय तयार ठेवावं

लेकरू दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचं झालं की पेंटाची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीची, सुई असते, आणि सुईनंतरचा ताप बहुतेक वेळा तिचाच असतो. पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या लसीत मारलेले अख्खे जंतू असतात, त्यांच्याविरुद्ध शरीर तयारी करतं तेव्हा अंग तापतं, मांडी दुखते, लेकरू किरकिरतं. दीड-दोन दिवसांत हे आपोआप उतरतं. अडचण वेळेची आहे. सुई सकाळी अंगणवाडीत टोचली जाते, ताप चढतो दिवेलागणीनंतर, आणि तोवर गावातलं मेडिकल बंद. म्हणून सगळी जमवाजमव आदल्या दिवशीच करायची.

पहिलं काम पॅरासिटामॉलच्या बाटलीचं, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. एकाच औषधाची ताकद बाटलीगणिक वेगळी असते. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात तेवढ्याच मिलीत २५०, आणि ड्रॉप्समध्ये बहुधा १ मिलीतच १००. म्हणजे ड्रॉप्स साध्या सिरपच्या चौपट कडक. शेजारणीनं ‘तीन मिली पाजा’ म्हटलं आणि घरात ड्रॉप्स असले, तर लेकराला चौपट डोस जातो. मात्रा ठरते वजनावर, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या लेकराला ५० ते ७५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे १२५ च्या सिरपचे २ ते ३ मिली किंवा १०० च्या ड्रॉप्सचा अर्धा ते पाऊण मिली. सुईच्या दिवशी वजन करून घ्या, सिस्टरला आपली बाटली दाखवा आणि किती मिली ते बाटलीवरच पेनानं लिहून घ्या. दीड महिन्याच्या लेकराला तर त्यांना विचारल्याशिवाय थेंबही नको. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा, दिवसभरात चारच्या वर जाऊ नका. दिलेली वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा, नाहीतर आईनं दिलेलं आजी पुन्हा देते. चमच्यानं माप चुकतं, मेडिकलमधून बिनसुईची २ मिलीची सिरिंज आणा. ताप येईल या भीतीनं सुईआधीच औषध पाजू नका, त्यानं लसीचा परिणाम थोडा कमी होऊ शकतो. घरातली ५०० ची गोळी मोडून तर नकोच. तिचा पाव तुकडाही १२५ मिलिग्रॅम भरतो, पाच किलोला तो जास्तच. अ‍ॅस्पिरिन आणि निमेसुलाइड लेकरांना अजिबात चालत नाही.

डिजिटल थर्मामीटर घेऊन ठेवा. हात लावून पाहिलेला ताप मे महिन्यात फसवतो. परभणी-नांदेडकडे घरातली हवाच ४२-४३ अंशांवर गेली की लेकराचं कपाळ तसंही गरम लागतं. काखेत धरून बीप वाजेपर्यंत थांबायचं. पारा १०० फॅरनहाइटच्या आसपास आणि लेकरू दूध ओढतंय, तर औषधाची घाई नको. १०१ च्या वर गेला किंवा लेकरू फार बेचैन झालं, तर द्या.

कपडे एकेरी, सुती. कुंची, टोपरं आणि वर गोधडी अशी बांधाबांध केली की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि ताप आणखी चढतो. साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं अंग पुसा, बर्फाचं पाणी नको. दूध आईचंच, नेहमीपेक्षा जास्त वेळा. ‘उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाजा’ हा सल्ला घरोघर मिळतो, पण सहा महिन्यांच्या आत पाणी नको आणि गुटीही नको.

मांडीवर हळद, चुना, तेल, बाम काही लावू नका, चोळू नका, शेकू नका. थंड ओलं फडकं ठेवलं की पुरे. छोटीशी गाठ काही आठवडे राहू शकते. ती वाढत गेली, लाल-गरम झाली किंवा पू धरला, तर दाखवा.

सुईनंतर अर्धा तास तिथंच बसायचं आहे, हे धरूनच निघा. गंभीर अ‍ॅलर्जी झाली तर ती सहसा याच वेळात दिसते आणि तिच्यावरचं इंजेक्शन सिस्टरजवळ असतं. साधी सर्दी असली तरी सुई घेता येते. पण आधीच ताप असेल, मागच्या डोसाला फार त्रास झाला असेल किंवा कधी झटके आले असतील, तर टोचण्याआधी सांगा.

रात्रीच्या गाडीचं आदल्या दिवशीच ठरवा, रुग्णवाहिकेचा १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका. तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, झटका, लेकरू ढिलं-निपचित पडणं, दूध सोडणं, श्वासाला त्रास, ओठ निळे पडणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. दोन दिवसांनंतरही ताप टिकला तर तो लसीचा म्हणून सोडून देऊ नका, दुसरं कारण असू शकतं. नवव्या महिन्यातल्या गोवर-रुबेलाच्या सुईचं गणित वेगळं आहे. तिचा ताप आणि पुरळ आठवड्या-दीड आठवड्यानं येतं, तेव्हा सुई कुणाच्या ध्यानातही नसते.

शेवटी लसीकरणाचं कार्ड. मागच्या वेळी किती ताप आला, किती वेळ टिकला, हे त्याच्यामागे लिहून ठेवा. साधा ताप आला म्हणून पुढची सुई टाळायची नसते. बीड, धाराशिवकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कार्ड गावात ठेवून जाऊ नये. तोडीच्या ठिकाणी कोपीवर (झोपडीवर) पोचलं की तिथल्या आशाताईंना ते दाखवा. डोस लांबला असेल तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा तिथंच मिळतो.